गाडीवरचं डुकराचं नाक

गल्लीतली तिसरी गाडी चोरीला गेली, तेव्हा लाँड्रीवाल्या म्हातारीने इस्त्री उभी केली. तिन्ही गाड्या तिच्या गाडीसारख्याच, छोट्या आणि स्वस्तातल्या. उद्या हिची गेली, तर इस्पितळाच्या चादरी पोचवणार कशा? ते काम हिसकायला पलीकडचा धुलाई-मशीनवाला टपूनच होता.

"डॉक्टरांची मोठी गाडी सोडून आपला डबा कोण नेईल, आई?" मुलगा म्हणाला.

"डबाच नेतात," गॅरेजवाला ब्रेक बघता बघता बोलला. "मोठी गाडी चावीशिवाय हलत नाही. हिचं कुलूप चमच्यानेही उघडेल. शिवाय अशा गाड्या गावभर, म्हणजे सुटे भाग हातोहात खपतात. दार इकडं विकलं, आरसा तिकडं. कुणाचं काय, ओळखणार कोण?"

"मी ओळखीन," म्हातारी म्हणाली.

जन्मभर तिने दुसरं काय केलं होतं? दहा ठिकाणच्या चादरी एका हौदात, आणि ज्याची त्याला परत. अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही, पण प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण डोक्यात पक्की. घरच्या कपड्यांची खूण होती गोलात दोन टिंबं. सून त्याला डुकराचं नाक म्हणायची.

गॅरेजवाल्याकडून कोरायची सुई घेऊन म्हातारी गाडीला भिडली. काचा, दारं, आरसे, दिवे, चाकं, बॉनेट. दारं तर आतूनही सोडली नाहीत. स्टिअरिंगला लोखंडी दांडा आणि कुलूप घातलं ते वेगळंच.

"आई, लोक हसतात गं."

"हसू देत. हसायला आलेला माणूस गाडी नेत नाही."

आठवडाभराने मुलाने भर दुपारी इस्पितळाच्या मागच्या दाराशी गाडी थांबवली, ती चालूच ठेवून. दांडा सीटखाली, किल्ली जागेवर. पहिलं गाठोडं आत टाकून बाहेर येतो, तर गाडी गायब.

"दोनच मिनिटं, आई..."

"तुला दोन मिनिटं लागली, त्याला अर्धंच पुरलं. चल."

गाडी सापडली भंगारबाजाराच्या मागे. एक दार उतरवून भिंतीला टेकवलेलं, बाकी सगळं शाबूत. शेजारचा भंगारवाला कान खाजवत होता.

"दोघं विकायला आले होते, मावशी. जिथं बघावं तिथं डुकराचं नाक. असला माल कोण घेतो? विचारणारा आला तर मी काय सांगू? वैतागून पळाले."

"पळायच्या आधी दार तरी बसवून जायचं," म्हातारी म्हणाली.

तिने दार सुंभाने बांधून घेतलं, किल्ली आपल्या ताब्यात घेतली, मुलाला मागे गाठोड्यांत बसवलं आणि स्वतःच चालवायला बसली.

"घासून काढू का ती नाकं? गाडी तर मिळाली."

"इस्पितळात चादरी दे आधी. संध्याकाळी सुई घेऊन ये. छत राहिलंय."