साइमीच्या ड्रायव्हरचा नंबर

आमचा जावई तैस्तो स्वभावानं गरीब, पण चालत्या गोष्टीला बोट लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माझ्या कम्प्युटरवरचं विंडोज काढून त्यानंच लिनक्स घातलं. म्हणे फुकट आहे, शिवाय आपल्या फिनिश मातीतलं आहे. म्हटलं, घाल बाबा, माझी मोटारशर्यत चालली म्हणजे झालं. ती शर्यत विंडोजची, पण लिनक्सला विंडोजचं सोंग आणता येतं, आणि त्या सोंगावर मी दोन हिवाळे बर्फातून गाडी पळवली. समोर माझी धाकटी बहीण साइमी, नदीपलीकडे स्वीडनमधल्या हापारांडात, स्वीडिश नवऱ्याच्या घरी. तिचा कम्प्युटर मी घेतला त्याच दुकानातला, अगदी सारखा, आणि त्यावरही तैस्तोचंच लिनक्स.

त्या शनिवारी हंगामाची शेवटची शर्यत होती. दोघी बरोबरीत. हरेल तिनं वेलचीचा पुल्ला, म्हणजे आमचा गोड पाव, भाजायचा, पुलावरून चालत न्यायचा आणि जिंकणारीच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिला कॉफी ओतायची. साइमीचं शेंबडं नाक मी पुसलंय. तिला मी कॉफी ओतू?

दुपारी खेळ उघडला. इंजिनाचा आवाज फर्मास, पण चित्र म्हाताऱ्या रेनडियरसारखं. एक पाऊल टाकायचं की थांबायचं.

"तैस्तो, काय केलंस?"

"काही नाही, आई."

"काहीच नाही?"

"काल अपडेट केलं."

मग सावकाश एकेक शब्द बाहेर आला. आत चित्र काढणारं कार्ड असतं. त्याच्याशी बोलणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. यानं त्याला हाकलून नवा आणला.

"जुन्यानं काय घोडं मारलं होतं?"

यावर त्यानं कीबोर्ड पुढे ओढला. नंतर तासभर खुडबुड केली आणि होतं ते चित्रही घालवलं. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं.

"नवा ड्रायव्हर जुन्या कार्डांना ओळखतच नाही," तो म्हणाला. "जुनाच हवा, पण जुने पुष्कळ आहेत, प्रत्येकाचा नंबर वेगळा. इंटरनेटवर विचारलं, तर चौघांनी चार वेगळी लिनक्स घालायला सांगितली."

"मग?"

"साइमीमावशीकडे चालतोय. ती मला हात लावू देत नाही ना."

शर्यत सहाला, तीही साइमीच्या घड्याळानं, म्हणजे आमच्या सातला. स्वीडन तासभर मागे असण्याचा मला जन्मात झालेला एवढाच फायदा. फोन उचलला.

"साइमी, तब्येत कशी आहे गं?"

"ताई, तू तब्येत विचारतेस? कोण गेलं?"

"कुणी नाही. तुझा कम्प्युटर बरा आहे ना?"

"ठणठणीत. का?"

"त्यात ड्रायव्हर कितवा आहे? आपलं सहज."

मग ती अशी हसली की फोन मी कानापासून लांब धरला.

"पडदा काळा झाला ना! तैस्तोला कॉफी द्यावी, कीबोर्ड देऊ नये, कितीदा सांगितलं? आता तू आली नाहीस की मी जिंकले. पुल्ल्यात लोणी सढळ हातानं घाल."

"जिंक की. रिकाम्या रस्त्यावर जिंकलीस, हे अख्ख्या चर्चला मीच सांगेन."

घाव बरोबर बसला. आमच्या बापाची मुलगी आहे ती, फुकटचं पचत नाही. कळा दाबल्याचा आवाज आला.

"चारशे सत्तर," ती फणकारली. "आणि त्याला म्हणावं, अपडेटला कुलूप घाल. किल्ली नदीत टाक."

तैस्तोनं तो बसवला, कुलूपही घातलं. पडदा उजळला. बर्फ पांढरा, पाइनची झाडं हिरवी, रस्ता आरशासारखा. आम्ही निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत मी पुढे होते. शेवटच्या वळणावर मागे बघण्याचा मोह झाला, साइमी किती मागे पडली ते. तेवढ्यात गाडी बर्फाच्या ढिगात नाकापर्यंत घुसली आणि ती बाजूनं हॉर्न वाजवत गेली.

तैस्तो चुळबुळला. "आई, ड्रायव्हर अजून नीट बसला नव्हता असं सांगू या का? पटेल मावशीला."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण ड्रायव्हरच्या पदराआड लपायला मी काही तैस्तो नाही.

"गप बस," मी म्हटलं. "रस्ता लख्ख दिसत होता. मीच हरले. पीठ काढ."

त्यानं पीठ काढलं.

"वेलची किती?"

"चांगल्या दोन मुठी," मी म्हटलं. "साइमीला जास्त वेलची सोसत नाही."