साहेबांच्या खोलीतला हीटर

सकाळी 'थांबली तरी चालेल' असं हिरवं कार्ड देऊन बाकावर बसवलेली मुलगी दुपारी तिथंच निळी पडली. आता ती आत मशीनवर श्वास घेत होती. तिला पाहून तातडीच्या विभागातल्या डॉ. रोसमेरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कार्ड देणाऱ्या नर्सवर ओरडून उपयोग नव्हता. तिने ताप पाहिला, लाल गाल पाहिले, पोर गप्प आहे म्हणून बरी समजली. उंच पठारावरच्या या एल आल्तो शहराच्या हिवाळ्यात कुणाचे गाल लाल नसतात? छाती कुणी पाहिलीच नव्हती. ती चार कपड्यांच्या आणि वरून घट्ट बांधलेल्या अग्वायोच्या आत होती, आणि इथं पाठीवरचं ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड घरी पोचेपर्यंत कुणी सोडत नाही.

रोसमेरी स्वतःच तपासणीच्या टेबलाशी येऊन बसली. रांगेत पुढची आजीबाई डोन्या फेलिसा, पाठीवर नातू.

"आजी, सोडा त्याला. छाती बघायचीय."

"इथं? वारं लागेल लेकराला."

"बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"आणि गारठून मेलं म्हणजे कळेल होय? तुझ्या कोटाखाली दोन स्वेटर दिसतायत मला. माझ्या नातवाला मात्र नागडं कर म्हणतेस."

रोसमेरीने खोलीभर नजर फिरवली. खिडकीच्या फुटक्या काचेला पुठ्ठा लावलेला, दार सताड उघडं. या खोलीसाठी हीटर द्या म्हणून तिने दोन हिवाळे इस्पितळाच्या मोठ्या साहेबांची मनधरणी केली होती, आणि दोन्ही वेळा 'बघू' ऐकून परत आली होती.

"आजी, हलू नका इथून," म्हणून ती तडक वर गेली.

वर डॉ. ओस्वाल्दो साहेबांची बैठक रंगली होती. फळ्यावर ठळक अक्षरांत विषय: 'मुलांच्या तपासणीतली अचूकता'. सगळ्यांचे कोट खुर्च्यांना टांगलेले, टेबलाखाली हीटर लालबुंद.

"या डॉक्टर. सकाळची केस म्हणजे सरळसरळ प्रशिक्षणाचा अभाव..."

रोसमेरीने वाकून प्लग उपटला.

"अहो, हे काय करताय?"

"अचूकता," ती म्हणाली. "खाली नेतेय."

खाली तिने दार लावलं, हीटर लावला. फेलिसाने आधी स्वतःचा तळवा हीटरसमोर धरून ऊब पाहिली, मगच गाठ सोडली. शाल, स्वेटर, आणखी एक स्वेटर, सदरा. पोराचे गाल छान लाल. पण सदरा वर गेला आणि दिसलं, दर श्वासाला फासळ्या आत ओढल्या जात होत्या, गळ्याखाली खड्डा पडत होता.

"अगं बाई," फेलिसा पुटपुटली. "मला तर वाटलं, झोपलाय."

लाल कार्ड, म्हणजे सगळ्यांच्या आधी. नर्स पोराला घेऊन ऑक्सिजनकडे धावली. हे वेळेत सापडलं. सकाळची ती मुलगीही अशीच सापडली असती, आणि या विचाराने रोसमेरीचा राग उतरायच्या ऐवजी आणखी चढला.

पुढच्या आईने न सांगताच गाठ सोडायला घेतली. तेवढ्यात दार उघडून डॉ. ओस्वाल्दो उभे राहिले, कोट गळ्यापर्यंत बंद केलेला.

"डॉक्टर, हा काय तमाशा? वर सगळे कुडकुडतायत. बैठक अर्धवट राहिलीय."

रोसमेरीने मान वर केली नाही. ती उघड्या छातीचे श्वास मोजत होती.

"दार लावा, साहेब. पोरगी उघडी आहे."