कापडाची कात्री

साहेबांचा सकाळपासून तिसरा फोन. "चिठ्ठी हातात आहे, मग म्हाताऱ्याला आत घ्यायला मुहूर्त शोधताय का? दुपारपर्यंत आणा त्याला."

इन्स्पेक्टरबाईंनी "हो सर" म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा चिठ्ठी काढली. शिंप्याच्या या दुकानाचे मालक काल संध्याकाळी इथेच मेले; कुणीतरी डोक्यात इस्त्री घातली होती. शेजारी ही चिठ्ठी, अक्षर कटिंग मास्तरांचं: 'आता सहन होत नाही. आज शेवट करतो.'

मास्तरांनी फक्त बाईंना सांगितलं होतं, की तो राजीनामा होता. सहन होत नव्हते ते गुडघे आणि शेवट करायचा होता नोकरीचा. वर 'राजीनामा' आणि खाली गुडघ्यांचं रडगाणं ओळीनं लिहिलं होतं म्हणे. चिठ्ठीत त्यातलं काहीच नव्हतं.

दुकानाला बाहेरून कुलूप होतं, आणि मालकांशिवाय किल्ल्या दोघांकडेच. एक मास्तर, दुसरा मालकांचा पुतण्या. हा गल्ल्यावर बसायचा, त्याला सुईत दोराही ओवता येत नव्हता, आणि दुकान विका म्हणून काकांच्या हात धुऊन मागे लागला होता.

बाईंनी चिठ्ठीच्या कडेवरून बोट फिरवलं. वरची आणि खालची, दोन्ही कडा एकाच सपाट्यात कापलेल्या. एवढी लांब पाती टेबलावरच्या मोठ्या कात्रीचीच. बाईंची आई जन्मभर शिवणकाम करायची. तिच्या कात्रीनं बाईंनी लहानपणी एकदाच कागद कापला होता. तो धपाटा पाठ अजून विसरली नव्हती. मास्तर एक वेळ माणूस मारतील, पण त्या कात्रीनं कागद? शक्यच नाही.

"पंचनाम्याला जरा चिठोरं हवंय," बाई सहज पुतण्याला म्हणाल्या. "एवढा कागद अर्धा करून द्या."

त्यानं मोठी कात्री उचलली. तोवर कोपऱ्यात बसलेले मास्तर गुडघेदुखी विसरून उठले आणि त्यांनी फाडकन त्याच्या हातावर मारलं.

"अरे, कापडाची कात्री आहे ती. किती वेळा सांगायचं, धार जाते!"

"काल एक चिठ्ठी कापली तर काय बुडालं तुमचं?" पुतण्या वैतागून म्हणाला.

चिठ्ठी कापलेली आहे, हे बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

हवालदार त्याला घेऊन गेले. मास्तरांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि ते मटकन स्टुलावर बसले.

"मालकांनी आणून दिली होती," ते रडत म्हणाले. "तीस वर्षं जपली हो मी."