सोमवारी चार वाजता येणारं भूत

देवासच्या आमच्या गल्लीत त्या सोमवारी तीन वाजल्यापासूनच माणसं जमू लागली. ओटा भरला, जिना भरला, समोरच्या उमाशंकरच्या दुकानाची फळीसुद्धा भरली. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या कडेवर पोर. सोनकच्छच्या बसमधून उतरलेल्या दोन बायका घर विचारत आल्या.

"भूत कितने बजे आता है, भिया?"

"चार बजे," उमाशंकर म्हणाला. "टाइम का एकदम पक्का है."

हे भूत माझ्या बायकोच्या अंगात येत होतं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. ग्रहण का लागतं ते पोरांना कंदील आणि चेंडू घेऊन दाखवतो, आणि राहूकेतूंची यथेच्छ टवाळी करतो. पण आपलं माणूस आपल्यालाच ओळखेनासं झालं की कंदील-चेंडू कामाला येत नाहीत. मी घाबरलो होतो. सहा आठवडे मी घाबरलेलाच होतो.

सुमंगलाला दीड वर्षापूर्वी मधुमेह निघाला. दवाखान्यातल्या नर्स रुक्मिणीबाई रोज सकाळी घरी येऊन तिला सुई देत. औषधाची बाटली इंदूरहून यायची. ती आम्ही माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो. जेवण बेताचं, गोड बंद. सगळं ठीक चाललं होतं. पण सुई जन्माची, हे काही तिच्या मनाला पटेना. रोग मुळासकट जावा म्हणून तिनं सोळा सोमवार धरले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, सुई चुकवायची नाही. तिनं चुकवली नाही. व्रतात उपास चुकवायचा नाही. तोही तिनं चुकवला नाही. उपासाचं दवाखान्यात कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. देवाची गोष्ट डॉक्टरला कशाला सांगायची?

पहिल्या सोमवारी दुपारी तिचे हात कापले. दुसऱ्या सोमवारी घामानं चोळी भिजली आणि ती बरळू लागली. माझ्या आईनं, माईनं, धरमपुरीहून शालिग्राम महाराजांना बोलावलं. महाराजांनी आधी सगळी चौकशी केली. आजार कोणता, सुई कधी, उपास कसा. मग डोळे मिटले.

"सुईच्या वाटेनं शिरलंय ते," महाराज म्हणाले. "बडा जिद्दी है! आता सोमवारी सुई घ्यायची आणि दिवसभर अन्नाचा कण नाही. चहा नाही, साबुदाणा नाही. भुकेलं भूतच बिळातून बाहेर येतं!"

आणि ते आलं, दर सोमवारी, चारच्या ठोक्याला. महाराज गर्दी जमू द्यायचे, "बोल, कौन है तू?" म्हणून गरजायचे, मग कमंडलूतलं नर्मदेचं तीर्थ तिला पाजायचे. पाव तासात सुमंगला पदर सावरून उठून बसायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पाचव्या सोमवारी ग्रहणं शिकवणारा हा मास्तर महाराजांच्या पायावर डोकं ठेवून मोकळा झाला.

आज सहावा सोमवार. सुमंगला खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक, ओठ थरथरत होते. मी जवळ गेलो तर तिनं मला ढकललं.

"हा कोण माणूस? याला बाहेर काढा!"

बारा वर्षांच्या संसारात तिनं मला कधी 'अरे' म्हटलं नव्हतं.

महाराजांनी कमंडलू उचलला, पण आज तीर्थ दिलं नाही.

"पहले सुई!" ते म्हणाले. "सुई आणि बाटली माझ्या हवाली करा, मास्तर. नर्मदामैयात सोडतो. पुन्हा या घरात सुई आली नाही की भूतही येणार नाही. लिखके देता हूँ."

मी हात जोडले. "महाराज, आधी तीर्थ द्या. ती पडतेय हो."

"पहले सुई."

"दे रे बाबा, देऊन टाक!" माई रडत म्हणाली.

मी माठापाशी गेलो, ओलं फडकं सोडलं, बाटली आणि सुईची डबी घेऊन आलो. लिहायला लाज वाटते, पण मी ती पुढे केली होती. महाराजांची बोटं डबीला लागलीही होती.

"मास्तरसाहेब, ते काय करताय?"

गर्दीतून वाट काढत रुक्मिणीबाई आत आल्या. त्या सकाळच्या पाहुण्या, दुपारी कधी येत नसत. पण गेले काही आठवडे एक गोष्ट त्यांना छळत होती. लघवी तपासताना नळीतलं निळं पाणी तापवलं की दर मंगळवारी ते विटेसारखं लाल व्हायचं, म्हणजे लघवीत साखर भरपूर. सोमवारी या घरात काय शिजतं, ते पाहायला त्या आल्या होत्या.

त्यांनी सुमंगलाचा गार, ओला हात धरला. "सुबह सुईनंतर काय खाल्लं?"

"काही नाही. सोमवार आहे," मी म्हणालो.

"काही नाही? सुई घेऊन काहीच नाही? गूळ आणा, जल्दी!"

"खबरदार!" महाराज कडाडले. "व्रत मोडलं तर बाईचा जीव जाईल!"

माई दारात थबकली. मीही थबकलो. त्या दोन क्षणांची भीती मला अजून झोपेत आठवते. एकीकडे देव, एकीकडे नर्स, आणि मध्ये ती घामानं निथळत होती. मग मी डबी कनवटीला खोचली आणि स्वयंपाकघराकडे धावलो.

रुक्मिणीबाईंनी गूळ पाण्यात कालवला, तिला ताठ बसवलं आणि घोटघोट पाजलं. मंत्र नाही, गर्जना नाही. पाच मिनिटं झाली, काही फरक पडेना. महाराज हसले. गल्लीत कोणी 'हर हर महादेव' म्हटलं. आणखी पाच मिनिटं गेली. तिच्या हातांची थरथर थांबली.

"अहो," ती माझ्याकडे बघून क्षीण आवाजात म्हणाली, "एवढी माणसं का जमलीत?"

मी सगळ्यांसमोर रडलो.

"मंतर का असर है!" गर्दीतून कोणी ओरडलं. "दर सोमवारी महाराजांच्या तीर्थानंच उठते ती," माई म्हणाली.

रुक्मिणीबाईंनी महाराजांचा कमंडलू उचलून उमाशंकरपुढे धरला. "चखो."

त्यानं ओंजळभर प्यायलं आणि डोळे मोठे केले. "ये तो शरबत है, भिया!"

"नर्मदामैया का जल मीठाच असतं," महाराज म्हणाले.

"धरमपुरीच्या घाटावर मी पण पाणी प्यायलेय, महाराज. तिथे खडीसाखर वाहत नाही." मग त्या आमच्याकडे वळल्या. "ऐका. सुई रक्तातली साखर खाली ओढते. पोटात अन्न असलं तर मेळ बसतो. अन्न नसलं तरी सुई ओढतच राहते. साखर फार उतरली की घाम फुटतो, हात कापतात, डोकं चालत नाही, माणूस बरळतं. यांनी खडीसाखर पाजली, मी गूळ पाजला. भूत दोन्हीनं गेलं. संध्याकाळी उपास कशानं सोडता?"

"अर्धा शेर कणकेचा चुरमा," माई हळूच म्हणाली. "गूळ-तूप घालून. त्यातला प्रसाद."

"म्हणजे दुपारी साखर पाताळात, रात्री आभाळात. म्हणून मंगळवारी नळी लाल! आणि सुई बंद केली तर सोमवारचं भूत जाईल, हे खरंच आहे. महाराजांचा जयजयकार होईल. मग साखर चढत जाईल, चढत जाईल, आणि थोड्याच दिवसांत..."

सुमंगला ऐकत होती, म्हणून त्या पुढचं बोलल्या नाहीत. महाराजांना मात्र अचानक बसची वेळ आठवली.

पुढच्या सोमवारी सुई झाल्यावर माईनं स्वतः ताट आणलं. अर्धी भाकरी, भाजी, वाटीभर ताक. सुमंगला ताटाकडे बघत बसून राहिली. तिचा हात पुढे होईना.

"अहो, शंकर कोपला तर?"

"माझ्यावर कोपू दे," मी म्हणालो. "तुला सुई टोचून उपाशी ठेवलं, त्याचा जाब मलाच द्यायचाय."

तिनं घास घेतला. चार वाजता ती निवांत तांदूळ निवडत होती. मी मात्र घड्याळापुढे बसून होतो.

तुम्ही देव माना, न माना. उपास करा, पण सुई घेणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका. आणि घरात कोणी असं कापायला लागलं, तर 'कौन है तू' असं विचारू नका. 'जेवलीस का?' असं विचारा. मी सहा आठवडे ते विचारलं नाही.