केतनची हळद

आमच्या आगऱ्यांत लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालेल, धवलारीण वेळेवर पाहिजे. तिने धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायल्याशिवाय हळद लागत नाही. चाळीस वर्षं मी गातेय. थळपासून किहीमपर्यंत माझा शब्द कुणी खाली पडू दिला नाही, आणि त्याचाच मला माज होता.

माझ्या बहिणीचा, नीराबाईचा केतन शिमग्याला माझ्याकडे आला. भाकरी मोडून तशीच ठेवली आणि म्हणाला, "मावशी, मी लगीन करनार न्हाय. माझा सुजितवर जीव हाय."

सुजित थळचा, स्वतःच्या होडीवर मासेमारी करणारा. खरं सांगते, मला ते रुचलं नाही. पण पुढ्यात पोराची मोडलेली भाकरी तशीच होती. मी म्हटलं, "हाय तर हाय. भाकरी खा."

तो रडला. मग म्हणाला, "आयेला मीच सांगन, गावची जत्रा झाल्यावर. तू फकस्त माझ्या बाजूला बस."

एवढंच मागितलं होतं त्याने. पण मला कुठला धीर? वाटलं, आधी आपण नीरेच्या कानावर घालावं, तिला मऊ करावं, पोराचं काम सोपं होईल. दोन घरांतली बोलणी करायची जन्माची सवय. गेले आणि सांगितलं.

नीरेने ऐकून घेतलं, चहासुद्धा दिला. त्याच संध्याकाळी केतनला त्याच्या भावांनी बडवलं, मोबाईल काढून घेतला आणि बजावलं, मुकाट्याने लग्न कर, नाहीतर सुजितला त्याच्या होडीसकट जाळू. पंधरा दिवसांत किनाऱ्यापासून आतल्या गावची मुलगी ठरली, प्राप्ती. तिला कुणी काही सांगितलं नाही. धवल्यांचं आवतण नीरेने मलाच दिलं.

मी जाणार नव्हते. पण मी नाही गेले तर त्याच्या बाजूला कोण बसणार?

हळदीला तो पाटावर बसला होता. ओठावर माराचा व्रण अजून दिसत होता, त्यावर बायकांनी हळद थापलेली. मी शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, "केतन, आता उठून सगल्यांना सांगते. लगीन होनार न्हाय. सांगू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आज इचारतेस," तो म्हणाला. "तवा इचारलं न्हाय." मग मान हलवली. "नको. सुजितला जगू दे. तू गा."

मी गायले. देवांना बोलावलं, दर्याला बोलावलं, केतन आणि प्राप्ती ही दोन्ही नावं एका ओळीत घेतली. बायका म्हणाल्या, सोनाबाई, आज तुझा आवाज लय चांगला लागला.