एवढीशी गाडी

मी एक जुनी, राखाडी, चार दारांची गाडी आहे. मित्रांनो, मी तुमच्या शेजारून गेले तरी तुमची नजर माझ्यावर ठरणार नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यासारख्याच चाळीस बहिणी एका ओळीत उभ्या होत्या आणि आमच्यातली कोण कोणती, हे आम्हालाही सांगता आलं नसतं.

माझा मालक ट्रकचालक. बावीस वर्षं त्याने अवजड ट्रक चालवले. बरोबरीचे लोक त्याला उस्ताद म्हणत. त्याच्या ट्रकशेजारी उभी राहिले की मी त्याच्या चाकाएवढीच दिसायचे. पण सुट्टीत घरी आला की तो माझी काच स्वतः पुसायचा आणि बायकोला म्हणायचा, "ट्रक चालवतो ती नोकरी. ही चालवतो ती माझी सुट्टी." ते ऐकून माझी कळी खुलायची.

ट्रकवर त्याची एक शिस्त होती. ट्रक मागे घ्यायचा असला की तो आधी खाली उतरायचा, चारी बाजूंनी फेरी मारून जागा बघायचा आणि मगच रिव्हर्स टाकायचा. पाऊस असो, घाई असो, यात फरक नाही. माझ्यासाठी मात्र तो कधी उतरला नाही. "एवढ्याशा गाडीला काय उतरून बघायचं," म्हणायचा. मला राग यायचा. लहान असले म्हणून काय मला मागची बाजू नाही?

दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या आवारात व्हायचं तेच झालं. त्याने मला मागे घेतलं आणि मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीचा दिवा माझ्या बंपरने फोडला. कोणाला साधं खरचटलंही नाही. त्या गाडीच्या मालकाने विम्यासाठी रीतसर नोंद केली, याने सही केली आणि दोघे हात मिळवून आपापल्या वाटेने गेले. माझ्या बंपरला पोचा पडला तो तसाच राहिला. "ट्रक सांभाळणारे उस्ताद, दिव्याला हरले," म्हणून बायकोने आठ दिवस त्याला चिडवलं.

पुढे त्याची कंपनी बंद पडली. आठ महिने तो घरी होता. ट्रकशिवाय तो पार खचला. कोणी काय काम करता विचारलं, तर विषय बदलायचा. मग एका मोठ्या वाहतूक कंपनीत जागा निघाली. लांब पल्ल्याचा, कोरा करकरीत ट्रक. दोघे अर्ज द्यायला निघाले आणि कंपनीच्या फाटकाबाहेर मला उभं करून, माझ्यातच बसून, बायकोने तो भरायला घेतला, कारण तिचं अक्षर चांगलं.

"गेल्या तीन वर्षांत कोणताही अपघात," तिने वाचलं. "काय लिहू?"

"नाही लिही."

तिचं पेन थांबलं. "अहो, आणि तो दवाखान्यातला?"

"तो काय अपघात? ट्रकवर माझा एक ओरखडा नाही. तेच विचारतात ते."

"ट्रक असं कुठं लिहिलंय? कोणताही लिहिलंय."

"लिही गं. एवढ्याशासाठी काय कागद खराब करायचा."

तिने लिहिलं. खाली त्याने सही केली. मित्रांनो, पोचा माझ्याच अंगावर होता आणि हॉर्नशिवाय मला दुसरं तोंड नव्हतं.

चालवण्याच्या चाचणीत तो पहिला आला. निकालाच्या दिवशी भरती करणारे वयस्क साहेब, पूर्वी स्वतः ट्रक चालवलेले, त्याला सोडायला माझ्यापर्यंत आले. त्यांनी माझ्या बंपरवर हात ठेवला.

"हाच ना तो? विम्याकडून नोंद आली आमच्याकडे."

"साहेब, साधा दिवा फुटला होता."

"तेच तर. एका दिव्यापायी इथं कोणाची नोकरी जात नाही. माझ्या हातूनच तीन फुटलेत. 'हो' लिहिलं असतं तर आज किल्ली दिली असती. पण माहिती खोटी निघाली की अर्ज बाद. तिथं माझं काही चालत नाही." मग ते हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटतं, उस्ताद."

घराशी बायको खाली येऊन उभीच होती. "काय झालं?"

"जागा भरली म्हणाले."

ते तो तिच्यासाठी बोलला, हे मला कळलं. 'नाही' हा शब्द तिच्या हातचा होता. खरं समजलं असतं तर तिने जन्मभर स्वतःला बोल लावला असता. आता ती शेजारणीला सांगते की त्या कंपनीला माणसाची पारख नाही. तो मान खाली घालून ऐकतो.

सध्या तो एका गोदामाच्या फाटकावर असतो. ट्रक आले की अडसर वर करतो. संध्याकाळी घरापाशी येऊन मला बंद करतो आणि उतरत नाही. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. "अगं, जागा भरली नव्हती," असं समोरच्या काचेकडे बघत म्हणतो. मग पुन्हा पहिल्यापासून तेच म्हणतो. रोज ऐकून मला ते पाठ झालं आहे, पण मी ऐकून काय उपयोग? ते वर, स्वयंपाकघरात ऐकलं जायला हवं. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, गाडी धूत जा, तिचं तेलपाणी बघत जा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरचं कोणी गाडी बंद करून बराच वेळ आतच बसून राहिलं, तर खाली जा, काचेवर टकटक करा आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसा. लगेच काही विचारू नका. आमच्या घरातून अजून कोणी खाली आलेलं नाही.