खर्रा, गणपती आणि माझं पोट

मी कॉम्प्युटरचा एक जुना माउस आहे. रंग पांढरा, निदान माझ्या खोक्यावर तरी तसं छापलं होतं. मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर चहाच्या गाळणीची आठवण येईल आणि तुम्ही मला हात लावणार नाही. त्याबद्दल मी आधीच तुमचे आभार मानून ठेवतो.

माझा जन्म दूरच्या कुठल्यातरी कारखान्यात झाला. तिथे सगळ्यांनी हातमोजे घातले होते. मला वाटलं, माणसाचे हात असेच असतात, पांढरे, कोरडे आणि बिनवासाचे. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा गैरसमज. तो १९९९ साली पुलगावात फिटला.

नागपूरहून मी एसटीने आलो. माझं खोकं एका झोपलेल्या गृहस्थाच्या पायाखाली होतं. पायांबद्दल मी काही बोलणार नाही. आपला विषय हात आहे.

शोभाबाईंच्या किराणा दुकानावर एक खोली होती. तिथे नीरज सर डीटीपीचा क्लास घेत. म्हणजे कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हँडबिलं कशी जुळवायची ते शिकवत. कॉम्प्युटर एकच होता. त्याला निळ्या कापडाची खोळ होती. धूळ लागू नये म्हणून चपला दाराबाहेर काढायचा कडक नियम होता. मुलं चपला काढत, पाय पुसत, अदबीने आत येत, आणि समोशाच्या हाताने मला धरत. हातांबद्दल नियम नव्हता. हात बहुधा आपोआप स्वच्छ असतात अशी समजूत असावी.

आता माझी शरीररचना सांगतो. हल्लीच्या माउसच्या पोटात नुसता उजेड असतो. आमच्या काळी पोटात रबराची गोळी असे. मी टेबलावर फिरलो की गोळी फिरायची, आतल्या दोन चाकांना घासायची आणि पडद्यावरचा बाण चालायचा. याचा अर्थ असा, की टेबलावर आणि हातावर जे जे असेल ते गोळीला चिकटून माझ्या पोटात जायचं. मला तोंड नव्हतं, तरी मी दिवसभर खात होतो. चिवड्याचं तेल खाल्लं. डोक्याचं तेल खाल्लं. दसऱ्याला माझी पूजा झाली तेव्हा हळद, कुंकू, ओल्या अक्षता आणि नारळाचं पाणी, असा पूर्ण नैवेद्य झाला. भक्तिभावाने कुणी इतकं घाण करू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

पण हे सगळं मी विसरलो असतो. खर्रा विसरता येत नाही.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना. तो प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटायचा, घोटायचा, ओला होईपर्यंत घोटायचा, मग चिमटीने तोंडात सोडायचा. नीरज सरांची चिमूट उजव्या हाताची होती. मीही उजव्या हाताचा होतो. आमची गाठ अशी पडली.

खर्रा तोंडात असताना बोलता येत नाही. त्यामुळे सर हुंकारांनी शिकवत. "उं" म्हणजे क्लिक. "उं उं" म्हणजे डबल क्लिक. लांब "उंऽऽ" म्हणजे फाइल सेव्ह कर. पत्रिका जुळवायचं कोरल ड्रॉ नावाचं अख्खं सॉफ्टवेअर मुलांनी असं शिकून घेतलं. नाइलाजच झाला, तर सर खिडकीतून पिंक टाकत आणि उरलेला खर्रा गालात धरून एक ठरलेलं वाक्य बोलत.

"हट, मले दे."

मग विद्यार्थ्याच्या हातातून मला ओढत आणि त्याचं काम स्वतः करून टाकत. काम झकास करत, हे मान्य केलं पाहिजे. फक्त ते दुसऱ्याचं असे. स्वप्निल नावाचा एक विद्यार्थी सहा महिने क्लासला आला आणि सहा महिने सरांची पाठ पाहून पास झाला.

अशात प्रेरणा आली. नाचणगावची. घरची भाजीची वाडी, वांगी, मेथी, कोथिंबीर. सकाळी जुड्या बांधून ती सायकलने क्लासला यायची. हाताला माती असायची, म्हणून खाली शोभाबाईंच्या दुकानासमोरच्या ड्रमवर हात धुऊन, ओढणीला कोरडे करून वर यायची. पहिल्यांदा तिने मला धरलं तेव्हा मी घाबरलो. मला वाटलं, मी परत कारखान्यात आलो.

तिला छापलेल्या कागदाचं वेड होतं. अक्षरं कुठे दाटली, कुठे मोकळी पडली हे ती बोट ठेवून पाहायची. आपल्याकडे पत्रिकेत काका, मामा, आत्या, फुवाजी, सगळ्यांची नावं लागतात, आणि सगळी एकाच मापाची लागतात. एखादा मामा केसभर लहान झाला तर तो लग्नात जेवत नाही. प्रेरणा हे मामालोक असे रांगेत बसवायची, की जणू पंगत बसली आहे. आणि रांग अर्धी झाली रे झाली, की मागून यायचंच.

"काय करून राह्यली तू? हट, मले दे."

"सर, मी करते न."

"तू करशीन, दिवाळी येईन. सरक."

ती सरकायची. तिचा धुतलेला हात जायचा आणि चुन्याचा हात यायचा. मित्रांनो, पोट असूनही मला ओकता येत नाही, याचं दुःख मला तेव्हा फार व्हायचं.

त्या वर्षी शोभाबाईंच्या मुलाचं, धीरजचं लग्न ठरलं. पत्रिका क्लासमध्येच जुळवायची आणि वर्ध्याला, नालवाडीच्या मनोहररावांच्या प्रेसमध्ये छापायची असं झालं. मनोहररावांचा ऑपरेटर नुकताच काम सोडून गेला होता, आणि प्रेरणाच्या कामाबद्दल त्यांनी शोभाबाईंकडून ऐकलं होतं. त्यांनी सरांना निरोप धाडला, की ही पत्रिका त्या भाजीवाल्यांच्या पोरीले एकटीले करू दे, मी समोर बसून पाहतो. जमलं तर सोमवारपासून प्रेसमध्ये ठेवून घेतो.

प्रेरणाच्या घरी ठरलेलं होतं, की क्लास संपला की आई अनुसयाबाईंसोबत बाजारात भाजी घेऊन बसायचं. तिला भाजीची लाज नव्हती. ती स्वप्निलला म्हणाली होती, "भाजी विकणं मले येते. ते शिकून झालं. मले आता न येणारं काम पाहिजे." म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका दुपारी, आणि माझ्या पोटावर.

मनोहरराव आले. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि चष्मा पुसू लागले. शोभाबाई दुकान धीरजवर सोडून वर आल्या. प्रेरणाने कामाला सुरुवात केली. वर गणपती, खाली नवरा-नवरीचं नाव, मग मामालोकांची पंगत. मी पावलोपावली अडत होतो, पोटात सरांचा सहा महिन्यांचा खर्रा होता, पण ती मला उचलून, पुन्हा टेकवून, गोंजारत नेत होती. तासाभरात पत्रिका उभी राहिली. फक्त सेव्ह करायची बाकी होती.

सर मागे उभे होते. त्यांनी नुकतीच ताजी चिमूट सोडली होती. त्यांना गणपती जरा बारीक वाटला.

"उं," सर म्हणाले, आणि मला ओढून घेतलं. मनोहरराव तेव्हा पुन्हा चष्मा पुसत होते आणि शोभाबाई यादीतले मामा मोजत होत्या.

पडद्यावरचं चित्र मोठं करायचं, तर त्याच्या कडेची खूण धरून ओढायची असते. सरांनी ओढली. मी अडलो. सरांनी जोर लावला. मी एकदम सुटलो आणि खूण इकडच्या कडेवरून थेट तिकडच्या कडेपलीकडे गेली. असं झालं की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. गणपती मोठा झाला खरा, पण डावीकडची सोंड उजवीकडे गेली.

शोभाबाई पुढे वाकल्या. मग हळूच मागे झाल्या.

"माय वो. उजव्या सोंडेचा?"

"काय झालं, बाई?" मनोहररावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"उजव्या सोंडेचा बाप्पा कडक राह्यते, भाऊ. त्याले सोवळं लागते. ही पत्रिका साऱ्या गावात जाईन. लोकं काय पत्रिका वाचाले आंघोळ करून बसतीन? आमचे व्याही फ्रिजवर ठेवतात पत्रिका. फ्रिजमधी अंडे राह्यतात."

मनोहररावांनी प्रेरणाकडे पाहिलं. "तू केलं हे?"

प्रेरणाने सरांकडे पाहिलं. सरांचं नाव सरांसमोर घ्यायचं कसं. आणि सर खरं बोलले असते, पण तोंडात खर्रा होता.

त्यांनी चूक सुधारायला मला पुन्हा ओढलं, या वेळी वरून खाली. मी पुन्हा अडलो, पुन्हा सुटलो. गणपती डोक्यावर उभा राहिला. त्याच्या पायाशी एक छोटा उंदीर होता, तो सगळ्यात वर गेला. आमच्या नावाच्या प्राण्याला इतका मान पूर्वी कधी मिळाला नव्हता, पण तो क्षण साजरा करण्याचा नव्हता.

शोभाबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. "आता शीर्षासन करून राह्यले."

मनोहरराव पिशवी घेऊन उठले. "राहू द्या. माझी गाडी आहे."

तेव्हा प्रेरणा बोलली. आवाज चढवला नाही. भाजीवर पाणी मारावं तितक्या सहज बोलली.

"सर, हात धुऊन या."

"उं?"

"खर्रा थुका, आणि साबणानं हात धुऊन या. मंग माउसले हात लावजा."

पुलगावात गुरुजींना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सरांनी शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाई म्हणाल्या, "माह्या दुकानातून साबणाची वडी घेजो. धीरजले सांग, मी पाठवलं." मग काय करणार. सर गेले.

मनोहरराव, नाही म्हटलं तरी, पुन्हा बसले.

प्रेरणाने मला पालथं केलं, पोटाचं झाकण फिरवलं आणि गोळी हातात घेतली. केसातली पिन काढून तिने आतली चाकं खरवडली. जे बाहेर आलं त्याचं वर्णन तुम्ही मागू नका. तरी सांगतो. ते काळं होतं, ओलसर होतं, त्यात केस होते, एक चण्याची डाळ होती, आणि ते एका तुकड्यात निघालं, दोरीसारखं. आयुष्यभर शाईत हात बुडवलेल्या मनोहररावांनी तोंड फिरवलं.

"हे काय वो?" शोभाबाईंनी विचारलं.

"शिकवणं आहे, काकू," प्रेरणा म्हणाली. "आतापर्यंतचं सारं."

तिने गोळी ओढणीने पुसून परत बसवली. मित्रांनो, मी धावलो. दोन क्लिकमध्ये गणपती पायांवर आला, सोंड डावीकडे आली. उंदीर आपल्या जागी बसला.

शोभाबाईंनी मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "हे रिकामं काऊन ठेवलं? इथं आमच्या आतेसासूचं नाव मावते."

"मावते, पण नाई टाकत. सारं भरलं तर नवरीचं नाव कोणाले दिसन?"

शोभाबाई विचारात पडल्या. पंगतीत रिकामी जागा ठेवायची असते, हे त्यांना नवीन होतं.

मनोहररावांनी पडदा वरून खालपर्यंत वाचला. "काम साफ आहे," ते म्हणाले. "पण पोरी, आधी उलटा झाला न? माह्याकडे असा छापून गेला तर माणसं प्रेस जाळतीन. असा ऑपरेटर मी कसा ठेवू?"

प्रेरणाने मान खाली घातली. तरी नाव घेतलं नाही. मला ओरडून सांगायचं होतं. मी फार तर बाण हलवू शकलो असतो.

तेवढ्यात सर आले. कोपरापर्यंत धुतलेले, साबणाच्या वासाचे, तोंड रिकामं. त्यांचा खरा आवाज क्लासने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो बारीक होता.

"तो मी उलटा केला जी," सर म्हणाले. "दोन्ही वेळा. तिचा बरोबर होता."

"मंग तेव्हाच काऊन नाई बोलला?"

"तोंडात खर्रा होता."

मनोहररावांनी पिशवी पुन्हा उचलली. मग प्रेरणाकडे वळले. "सोमवारी येजो. आमच्याकडे हात साफ नाई राहत पण. शाईचं काम आहे."

"शाई चालते जी," प्रेरणा म्हणाली.

ती वर्ध्याला गेली. चांगलं झालं, आणि माझं वाटोळं झालं. सरांनी आठवडाभर हात धुतले. मग त्यांनी सुधारणा म्हणून खर्रा डाव्या चिमटीने खायला सुरुवात केली, आणि चिमूट उजव्या हाताने पुसायला. पुढे उजेडाच्या पोटाचे माउस आले. माझी शेपूट मलाच गुंडाळून मला ड्रॉवरमध्ये टाकलं. शेजारी एक अर्धी पन्नी आहे. मी तिच्याशी बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या हाताखाली दिवसभर काहीतरी निमूट काम करत असेल. त्याला धरण्याआधी हात धुवा. एवढंच मागतो. आणि शेजारी कुणी नवीन काही शिकत असेल, हळू करत असेल, चुकत असेल, तर त्याच्या हातातून काढून घेऊ नका. अगदीच राहवलं नाही, तर खाली ड्रमवर जा आणि पुन्हा एकदा हात धुवा. सावकाश धुवा.